ऑटोमॅटिक घड्याळ पहाटे बंद पडतं? आधी टाकी तपासा, मग मोटार

नवं ऑटोमॅटिक घड्याळ घेऊन तीन आठवडे झाले होते आणि मी ते दुरुस्तीला घेऊन गेलो. तक्रार एकच: रात्री काढून ठेवलं की पहाटे कधीतरी थांबतं. घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं नाही, भिंगसुद्धा डोळ्याला लावलं नाही. विचारलं, "दिवसभर काय करता?" म्हटलं, कॉम्प्युटरवर काम. "ऑफिसला जाता की घरून?" घरून. त्यांनी क्राउन, म्हणजे चावी द्यायचं बाजूचं बटण, धरून पन्नास-साठ फेरे दिले, वेळ लावली आणि म्हणाले, "परवा दुपारपर्यंत ह्याला हात लावू नका." ती शुक्रवारची संध्याकाळ होती. घड्याळ रविवारी दुपारी दीडच्या सुमारास थांबलं. त्यात बिघाड काहीच नव्हता. माझा हातच दिवसभर टेबलावर पडून असायचा.

ही तक्रार घेऊन येणारे बहुतेकजण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं बघा. सकाळी नळाला पाणी नसेल तर टाकी गळत असेल, नाहीतर मोटार पाणी चढवत नसेल. घड्याळातली मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, ही टाकी आणि हात हलला की फिरणारा अर्धगोल रोटर म्हणजे मोटार. पॉवर रिझर्व्ह म्हणजे भरलेली टाकी किती तास पुरते ते. दोन्हींची तपासणी स्वतंत्र करायची आणि टाकीची आधी करायची. उलट क्रमाने गेलात तर महिनाभर हात हलवत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

पूर्ण तपासणीला साधारण एक आठवडा लागतो, पण तुमची प्रत्यक्ष मेहनत अर्ध्या तासाची. हाताशी एक कागद, पेन आणि मोबाइल ठेवा.

## १. आधी मशीन ओळखा

क्राउनला हात लावण्याआधी आत कोणतं मशीन आहे ते शोधा. पुस्तिकेत, वॉरंटी कार्डावर किंवा मागच्या झाकणावर क्रमांक असतो. काच असलेलं झाकण असेल तर तो बऱ्याचदा रोटरवर किंवा त्याखालीच कोरलेला दिसतो. त्यावरून तीन गोष्टी कळायला हव्यात.

पहिली, क्राउनने चावी देता येते का. सेइको ५ च्या जुन्या मॉडेलांत असलेल्या ७एस२६ ला देता येत नाही. त्याआधीच्या ७००९ आणि ६३०९ या मशीनांनाही नाही. त्यांचा क्राउन आतल्या जागेवर कितीही फिरवा, स्प्रिंगला काही कळत नाही. ४आर३६, एनएच३५, मियोटा ८२१५ आणि ९०१५, ईटीए २८२४-२, सेलिटा एसडब्ल्यू२०० या सगळ्यांना चावी देता येते.

दुसरी, कंपनीने सांगितलेला पॉवर रिझर्व्ह. एनएच३५ आणि ४आर३६ साठी तो सुमारे ४१ तास आहे, ईटीए २८२४-२ साठी ३८ च्या आसपास, मियोटा ९०१५ साठी ४२, सेइको ६आर३५ साठी ७०. पॉवरमॅटिक ८० मध्ये आकडा नावातच आहे. तुमच्या मशीनचा आकडा कागदावर सगळ्यात वर लिहा, पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होणार आहे. मित्राचं घड्याळ तीन दिवस चालतं म्हणून तुमचंही चालायला हवं असं नाही.

तिसरी, रोटर एकाच दिशेला चावी देतो की दोन्ही. मियोटा ८२१५ आणि ९०१५ एकाच दिशेला भरतात. दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा गरगरतो आणि मनगटावर त्याची थरथर जाणवते. घाबरून घड्याळ दुरुस्तीला नेणारे लोक आहेत, पण हा दोष नाही. सेइको आणि ईटीएची वर सांगितलेली मशीनं दोन्ही दिशांना भरतात.

सावध: घड्याळ एचएमटी 'जनता'सारखं रोज चावी द्यायचं, बिनरोटरचं असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. तिथे स्प्रिंग पूर्ण भरली की क्राउन ठाम अडतो. अडला की थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही.

सावध: कपाटात वीस वर्षं पडलेलं वडिलांचं ऑटोमॅटिक सापडलं असेल तर त्याला उत्साहाने पूर्ण चावी देऊ नका. आतलं तेल वाळलेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना खातात. आधी सर्व्हिसिंग करून घ्या, चाचण्या नंतर.

## २. चावी देण्याची रीत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना चावी द्यायला गेलात की बोट क्राउनला तिरकं रेटतं आणि आतली बारीक दांडी वाकते. ती दांडी टाचणीसारखी बारीक असते.

क्राउन आट्यांचा असेल, म्हणजे डायव्हर पद्धतीच्या घड्याळांत असतो तसा, तर तो तुमच्याकडे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून मोकळा करा. आटे सुटले की तो थोडा आपोआप बाहेर उडी घेतो. तिथेच थांबा, ओढू नका. हीच चावीची जागा. एक खट्टा बाहेर ओढला की तारीख, दोन खट्टे ओढले की काटे. 'चावी दिली पण तारीखच बदलली' म्हणणारे इथेच चुकलेले असतात.

आता घड्याळ डाव्या हातात, डायल वर. क्राउन उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून पुढे फिरवा. बारीक करकर जाणवेल. बोटं मागे आणताना क्राउन सोडायची गरज नाही, उलट दिशेला तो मोकळाच फिरतो.

मोजणीत फसगत होते ती अशी. बोटाची एक घसट म्हणजे एक फेरा नव्हे. क्राउनवर कंपनीचं चिन्ह असेल तर ते डोळ्यांसमोर ठेवा: एका घसटीत ते जेमतेम अर्धं फिरतं, बऱ्याच जणांचं तेवढंही नाही. मी स्वतः 'चाळीस फेरे दिले' म्हणायचो तेव्हा प्रत्यक्षात पंधरा-सोळाच झालेले असायचे. एकदा चिन्ह बघून तुमच्या किती घसटींत एक पूर्ण फेरा होतो ते मोजा आणि तो गुणाकार कागदावर लिहून ठेवा.

किती फेरे द्यायचे? एनएच३५ ला पूर्ण भरायला किमान ५५ फेरे लागतात. ईटीए २८२४-२ ला साधारण ३० ते ४०. मशीन माहीत नसेल तर ६० द्या. जास्त झाल्याने काही बिघडत नाही, कारण ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक ती ज्यात बसवलेली असते त्या डबीच्या भिंतीला पक्कं बांधलेलं नसतं. स्प्रिंग भरली की ते टोक भिंतीवरून घसरतं. टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो तसंच. म्हणूनच क्राउन कुठेही अडत नाही. 'अडेपर्यंत फिरवतो' असं ठरवलंत तर संध्याकाळ जाईल.

तपासा: चावी देताना काचेच्या झाकणातून रोटरकडे बघा. तुमच्या फेऱ्यांबरोबर रोटरही वेगाने गरगरू लागला तर थांबा. ईटीए आणि त्या जातीच्या मशीनांत हे दिशा पलटणारी चाकं चिकट झाल्याचं लक्षण असतं. अशा घड्याळाला सर्व्हिसिंग होईपर्यंत हाताने चावी देऊ नका.

चावी देता न येणाऱ्या घड्याळासाठी: डायल वर ठेवून ते आडवं धरा आणि चहाच्या तळाशी बसलेली साखर पेला हलवून विरघळवतो तसं गोल गोल घोळवा. अर्ध्या मिनिटात सेकंद काटा धावू लागतो. खुळखुळ्यासारखं वरखाली झटकू नका. त्याने रोटरच्या मधल्या बेअरिंगला दणके बसतात आणि स्प्रिंग काही लवकर भरत नाही. हेही लक्षात ठेवा की अर्ध्या मिनिटाच्या घोळवण्याने घड्याळ फक्त सुरू होतं, भरत नाही.

शेवटी आट्यांचा क्राउन बंद करा. हलकेच आत दाबून आधी उलट दिशेला पाव फेरा फिरवा, आटा जागेवर बसल्याचा टक् जाणवला की मग सुलट फिरवा. सरळ घट्ट करायला गेलात तर आटे तिरके चढतात. आणि क्राउन उघडा ठेवून पावसात बाहेर पडलात तर 'वॉटर रेझिस्टंट २०० मीटर' ही झाकणावरची ओळ कुणालाच वाचवत नाही.

## ३. वेळ आणि तारीख, याच क्रमाने

चाचणीसाठी तारीख बरोबर असणं गरजेचं आहे. का ते पुढच्या टप्प्यात कळेल.

थांबलेल्या घड्याळात सकाळचे सात आहेत की संध्याकाळचे, हे डायल सांगत नाही. त्यामुळे क्राउन दोन खट्टे ओढा आणि काटे पुढे फिरवत तारीख उडेपर्यंत न्या. तारीख बदलली म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने मध्यरात्र झाली. तिथून काटे आणखी पुढे, सकाळी सहाच्या पलीकडे आणा. आता क्राउन एक खट्टा आत घ्या आणि कालची तारीख लावा. मग परत दोन खट्टे ओढून काटे पुढे फिरवा, आजची तारीख उडू द्या, आणि तसेच चालत आताच्या वेळेपर्यंत या. दुपार उलटली असेल तर बारा एकदा जास्त ओलांडावे लागतील.

सावध: घड्याळात रात्री ९ ते पहाटे ४ अशी वेळ असताना क्राउन एक खट्टा ओढून झटपट तारीख बदलू नका. त्या वेळी तारीख ढकलणारं चाक आधीच दातांत गुंतलेलं असतं. वरून तुम्ही ढकललंत की दात तुटतो. मग घड्याळ चालू राहतं, तारीख मात्र रुसते.

सेकंद काटा थांबवता येत असेल तर तो बरोबर बारावर आला की क्राउन ओढा आणि मोबाइलचं मिनिट पालटलं की आत दाबा. ७एस२६ आणि जुन्या ८२१५ मध्ये सेकंद काटा थांबत नाही. तिथे काही सेकंदांचा फरक नोंदवून पुढे चला.

## ४. टाकीची चाचणी

ही शुक्रवारी रात्री ८ ला सुरू करणं सोयीचं.

घड्याळ काढा, पूर्ण चावी द्या, वेळ आणि तारीख लावा, क्राउन बंद करा. घड्याळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या. दुसरा मोबाइल लागेल. नसेल तर कागदावर लिहा. मग घड्याळ डायल वर करून अशा जागी ठेवा जिथे दोन दिवस कुणी हात लावणार नाही. स्पीकर, टॅबलेटचं चुंबकी कव्हर, मोबाइलचा चुंबकी चार्जर यांपासून लांब. बऱ्याच घरांत रात्रीचं घड्याळ नेमकं मोबाइलच्या चार्जरशेजारीच असतं!

घड्याळात स्टॉपवॉच असेल तर स्टॉपवॉच बंद ठेवा, नाहीतर ते जास्तीची शक्ती खातं.

शनिवारी रात्री ८ ला एकदा बघा. उचलायचं नाही, वाकून बघायचं. मोबाइलच्या तुलनेत किती सेकंद पुढे-मागे आहे ते लिहा. उचलून बघणं ही या चाचणीतली ठरलेली चूक. प्रत्येक उचलण्यात रोटर हलतो आणि टाकीत तांब्याभर पाणी पडतं. चार वेळा कौतुकाने उचललंत की आकडा निरुपयोगी.

त्यानंतर ते थांबेपर्यंत राखण करत बसायची गरज नाही. थांबलेलं घड्याळच किती चाललं ते सांगतं. समजा रविवारी रात्री तुम्ही बघितलंत, तारीख रविवारचीच आहे आणि काटे १ वाजून १० मिनिटांवर. मग घड्याळ एक तर रविवारी पहाटे १.१० ला थांबलं, म्हणजे २९ तास चाललं. नाहीतर रविवारी दुपारी १.१० ला, म्हणजे ४१ तास. एकात घड्याळ आजारी, दुसऱ्यात ठणठणीत. ठरवायचं असं: आधी थांबलेल्या डायलचा फोटो घ्या. मग क्राउन दोन खट्टे ओढून काटे पुढे फिरवा. पुढच्या बाराला तारीख उडाली तर थांबण्याची वेळ दुपारची होती. बारा ओलांडूनही तारीख जागची हलली नाही तर पहाटेची. तारीखच नसलेल्या घड्याळाला मात्र सकाळ-संध्याकाळ डोकावून बघण्याशिवाय इलाज नाही.

चावी देता न येणाऱ्या घड्याळाला ही चाचणी घरी अचूक करता येत नाही. दिवसभर भरपूर हालचालीत वापरून रात्री काढून ठेवा. येणारा आकडा 'किमान इतका' असा वाचा. नक्की हवा असेल तर घड्याळवाल्यांकडून मागचं झाकण उघडून स्प्रिंग भरून घ्या. ७एस२६ ला स्प्रिंगच्या डबीवरच्या चाकाच्या स्क्रूला ८ फेरे दिले की ती पूर्ण भरते.

तपासा: निकाल विचित्र आला तर लगेच निष्कर्ष काढू नका. क्राउन नीट आत होता का, मोजलेले फेरे होते की घसटी, मध्ये कुणी घड्याळ उचललं का, हे बघून चाचणी पुन्हा करा. दोन आकडे जवळपास सारखे आले तरच त्यावर विश्वास ठेवा.

## ५. आकडा काय सांगतो

कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन तास कमी-जास्त असेल तर सोडून द्या. ४१ च्या जागी ३९ आले म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

४१ च्या जागी ३० किंवा त्याहून कमी, आणि तेही दोनदा, तर टाकी गळतेय. तेल सुकलंय, घाण साचलीय किंवा स्प्रिंग थकलीय. डबीतलं वंगण बिघडलं की स्प्रिंगचं टोक वेळेआधीच घसरू लागतं, म्हणजे टाकी अर्धी असतानाच ओव्हरफ्लो सुरू. यावर घरगुती उपाय नाही, सर्व्हिसिंगच. घड्याळ नवं असेल तर वॉरंटी.

दर वेळी रात्री ११ ते १ च्या मध्येच थांबत असेल तर तो निराळा इशारा. तारीख उचलून टाकायला घड्याळाला एरवीपेक्षा जास्त जोर लागतो. स्प्रिंग ओसरत आलेली असते तेव्हा तो चढ त्याला चढवत नाही. बऱ्याचदा हे फक्त कमी चावीचं लक्षण असतं. पण पूर्ण चावी दिल्यावर पहिल्याच मध्यरात्री थांबलं तर तारखेच्या चाकांकडे बघायला सांगा.

शनिवारी घेतलेली सेकंदांची नोंद आठवतेय? चोवीस तासांत दहा-वीस सेकंदांचा फरक या मशीनांना माफ आहे. ४आर३६ साठी सेइको स्वतःच दिवसाला उणे ३५ ते अधिक ४५ सेकंद सांगते. पण घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे जात असेल तर ते चुंबकाच्या तावडीत सापडलं असण्याची शक्यता मोठी. एक साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ हळूहळू जवळ न्या. सुई चांगलीच वळली तर घड्याळवाले चुंबकत्व मिनिटभरात काढून देतात. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजू नका.

आणखी एक समज. '४१ तास' म्हणजे ४१ तास बरोबर वेळ नव्हे. शेवटच्या काही तासांत स्प्रिंगचा जोर ओसरतो, बॅलन्स व्हीलचा, म्हणजे टिकटिक राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका आखूड होतो आणि वेळ भरकटू लागते. बरोबर वेळ हवी असेल तर पहिले चोवीस तास तुमचे, बाकीचे राखीव समजा.

## ६. मोटारची चाचणी

टाकी ठीक निघाली तरच इथे या.

घड्याळ पूर्ण थांबू द्या. सकाळी घोळवून सुरू करा, क्राउनने चावी देऊ नका. वेळ, तारीख लावा आणि नेहमीसारखा एक दिवस, समजा दहा तास, हातात घाला. 'नेहमीसारखा' हा शब्द महत्त्वाचा. चाचणी आहे म्हणून त्या दिवशी मुद्दाम सिंहगड चढून आलात तर मोजमाप सिंहगडाचं होईल, तुमच्या सोमवारचं नाही. रात्री काढून डायल वर करून ठेवा, काढल्याची वेळ लिहा, आणि पुढे किती तास चालतं ते टप्पा ४ सारखंच वाचा.

तुमचं घड्याळ चोवीस तास खर्च करतं. तेव्हा दहा तासांच्या वापराने त्यात चोवीस तासांचा माल भरला जायला हवा. वापराच्या दहा तासांत ते दहा तास खर्चतंच, म्हणजे काढल्यावर ते किमान चौदा तास चाललं पाहिजे. चौदाच्या वर आकडा गेला तर मोटार आणि हात दोन्ही उत्तम. कमी आला तर रोज थोडी तूट.

तूट कशी दिसते ते बघा. समजा तुमच्या दिवसाने १८ तासांचाच माल भरला जातो, म्हणजे रोज ६ तासांची तूट. घड्याळ ४० तासांचं. सोमवारी सकाळी ८ ला भरलेलं घालता, संध्याकाळी ६ ला काढता तेव्हाही भरलेलंच. मंगळवारी सकाळी २६ तास शिल्लक, बुधवारी २०, गुरुवारी १४, शुक्रवारी ८, शनिवारी सकाळी फक्त २. शनिवारीही घातलंत तर संध्याकाळी दहा तास शिल्लक, आणि रविवारी पहाटे ४ ला ते थांबतं. तुम्हाला वाटतं, कालच तर दिवसभर घातलं होतं! शनिवारी घातलं नाहीत तर सकाळी दहालाच थांबतं. आठवडाभर नीट चालून सुट्टीच्या दिवशी दगा देणाऱ्या घड्याळाचं गूढ बहुतेक वेळा एवढंच असतं.

तूट कुणाची, हाताची की रोटरची? एक दिवस घड्याळ अशा माणसाच्या हातात द्या ज्याचा हात दिवसभर चालतो. आमच्याकडे ही चाचणी बायकोने केली. ती शाळेत शिकवते आणि फळ्यावर भरपूर लिहिते. तिने ते उजव्या हातात घातलं आणि काढल्यावर ते एकवीस तास चाललं. माझ्या हातातून काढल्यावर आठ तास! रोटरचा निकाल तिथेच लागला, आणि माझाही. अशा फिरत्या हातावरही आकडा तोकडाच राहिला तर दोष रोटरच्या बाजूला आहे.

तपासा: घड्याळ कानाशी धरून हळू उलटसुलट करा. रोटरची मऊ सरसर चालते. खरखर किंवा टकटक ऐकू आली, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धचंद्राकृती ओरखडे दिसले, तर रोटर ढिला होऊन घासतोय. घालणं थांबवा, कारण घासून निघणारा धातूचा कीस मशीनमध्येच पडतो.

## ७. तूट भरून काढण्याचं वेळापत्रक

हात बदलणार नसेल तर चावीने भर घाला. पण अंदाजाने रोज पन्नास फेरे नकोत; आट्यांचा क्राउन रोज उघडून-मिटून त्याचे आटे आणि रबर झिजतात. तूट मोजलीच आहे, तेवढंच भरा. एनएच३५ सारख्या मशीनला ५५ फेऱ्यांत ४१ तास, म्हणजे २० फेऱ्यांत ढोबळ १५ तास. रोज ६ तासांची तूट असेल तर रविवारी रात्री पूर्ण चावी आणि बुधवारी २० फेरे एवढ्यावर आठवडा निभतो. मी हेच करतो, बुधवारी दात घासताना. तुमची तूट १० तासांची असेल तर एक दिवसाआड २५-३० फेरे द्या.

चावी न घेणाऱ्या घड्याळाला हा मार्ग बंद. ते रात्री थोडं उशिरा काढा, किंवा घरातली कामं करताना मुद्दाम घाला. कणीक मळताना मात्र नको. फायदा असतो, पण पीठ क्राउनमध्ये जातं.

लग्नाकार्यापुरतंच घालायचं घड्याळ वर्षभर चालू ठेवण्याचा अट्टहास करू नका. थांबून राहिल्याने आधुनिक तेलाचं घड्याळ बिघडत नाही. महिन्यातून एकदा थोडी चावी देऊन चालवलंत तरी खूप झालं. कार्याच्या दिवशी आदल्या रात्रीच पूर्ण चावी आणि तारीख लावून ठेवा. बोहल्याशेजारी उभं राहून, तेही रात्री साडेनऊला, तारीख बदलणाऱ्या एका मामांचं घड्याळ मी पाहिलंय.

वाइंडरबद्दल, म्हणजे घड्याळ आपोआप फिरवत ठेवणाऱ्या पेटीबद्दल, थोडक्यात. एकच घड्याळ असेल तर पैसे घालवू नका. चार-पाच असतील आणि फिरवत घालत असाल तर चालेल, पण फिरण्याची दिशा आणि दिवसाचे फेरे लावता येणारीच घ्या. मियोटा ८२१५ ला चुकीच्या दिशेने रात्रभर फिरवलंत तर ते सकाळी थांबलेलंच मिळेल. दिवसाला ६५० फेऱ्यांपासून सुरू करा. दोन दिवसांनी काढून टप्पा ४ प्रमाणे मोजा. आकडा पूर्ण चावीच्या आकड्याजवळ आला तर फेरे पुरेसे आहेत, आणखी वाढवू नका.

## ८. दुरुस्तीला देताना

'बंद पडतं' एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस सगळं उघडून बसेल आणि बिलही तसंच येईल. कागदावरच्या चार ओळी द्या: मशीनचा क्रमांक आणि कंपनीचा पॉवर रिझर्व्ह, पूर्ण चावीवर दोन वेळा आलेले आकडे, चोवीस तासांत पुढे-मागे झालेले सेकंद, आणि दहा तास वापरून काढल्यावर ते किती तास चाललं.

जुनं ऑटोमॅटिक ऑनलाइन घेतलं असेल, त्यातही पुन्हा रंगवलेली चकचकीत डायल असलेलं, ज्याला संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, तर ही चार आकड्यांची तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करा. डायल नवी दिसते म्हणून स्प्रिंग नवी नसते.

सर्व्हिसिंग होऊन घड्याळ परत आलं की त्याच शुक्रवारी रात्री ८ ला टप्पा ४ पुन्हा करा आणि दुकानाची पावती तोपर्यंत जपून ठेवा. आधी २८ तास येत होते आणि आता ३९ आले, तर काम झालं. परत २८ च आले तर सोमवारी दुकान उघडताच दोन्ही कागद घेऊन जा.